शर्टांची गोधडी

नवरा गेल्यावर सुनेने घरात कुणाला न विचारता ठरवलेली ही पहिलीच गोष्ट होती: त्याच्या शर्टांची गोधडी शिवायची. शिवणाचा तिला गंधही नव्हता. औषधांच्या दुकानात दिवसभर उभं राहून काम करायचं आणि घरी येऊन बंद कपाटाकडे बघत बसायचं, एवढंच चाललं होतं.

शिलाई मशीन घ्यायला निघाली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मीही येते. घर खायला उठतं गं."

दुकानदार बोलका होता. सुनेची नजर स्क्रीनवर फुलापानांची नक्षी दाखवणाऱ्या मशीनवर खिळली, तसा तो म्हणाला, "ते राहू द्या, ताई. ते शिवण सोडून सगळं करतं." त्याने एक साधं, जड मशीन पुढे ओढलं. "गोधडीला ताकद लागते, तीन थर एकदम शिवायचे असतात. आणि सुईच्या उजवीकडे ही मोकळी जागा बघा. गुंडाळलेली गोधडी इथून सरकायला हवी, नाहीतर मध्येच अडकून बसाल. कापड आणलंय ना? चालवूनच बघा."

सुनेने पिशवीतून कापड काढलं. निळ्या चौकड्यांची बाही होती, खांद्यापासून कापलेली.

सासूबाईंनी ती हातात घेतली, कफाचं बटण चाचपलं. "हा त्याचा शर्ट ना?"

सुनेने मान डोलावली. सासूबाई बाही घेऊन बाहेर गेल्या आणि दुकानाच्या पायरीवर बसल्या. दुकानदार मशीन पुसत राहिला.

सून त्यांच्या शेजारी जाऊन बसली. "आई, विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता."

"म्हणालेच असते." त्यांचा आवाज चढला नव्हता. "तू कामावर गेलीस की मी ते कपाट उघडते. शर्टांत तोंड घालून बसते. आता त्यांना त्याचा वास फारसा येत नाही, तरी बसते."

सुनेला हे ठाऊकच नव्हतं. इतके दिवस तिला वाटायचं, कपाटापुढे रडणारी घरात आपण एकटीच आहोत.

"राहू दे मशीन. घरी जाऊ," ती म्हणाली.

"आणि हिचं काय करू? पुन्हा जोडता येणारे का?" सासूबाईंनी बाही तिच्या मांडीवर ठेवली. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "घे ते जड मशीन. पण कात्री लावायच्या आधी मला हाक मारायची."

त्या संध्याकाळी दोघींनी सगळे शर्ट पलंगावर मांडले. सासूबाईंनी दोन बाजूला काढले, एक लग्नातला आणि एक कॉलर विरलेला. उरलेले त्यांनी स्वतःच उसवले, शिवणीशिवणीने, कात्री न लावता.

गोधडी व्हायला हिवाळा उजाडला. टाके वाकडे पडले होते, चौकोनांचे कोपरे एकमेकांना भेटत नव्हते. सुनेने ती सासूबाईंच्या अंगावर घातली. त्यांनी क्षणभर हात फिरवला आणि हळूच बाजूला सारली.

"नाही गं जमत. तू घे."

त्या रात्री सून ती पांघरून पडली. गोधडी ऊबदार होती. तरीही झोप आली नाही, आणि भिंतीपलीकडे सासूबाईही कूस बदलत होत्या, ते तिला ऐकू येत होतं.