भिक्षेच्या वेळी तापलेलं अंगण

वैशाख लागला आणि इरावतीबाईंची चिडचिड रोज दुपारी बाराच्या ठोक्याला सुरू होऊ लागली. चिडणं हा त्यांचा स्वभाव नव्हे. पण तळपायाला फोड आले की स्वभावाचं काही चालत नाही.

नेम वीस वर्षांचा. दत्तमहाराज दुपारी करवीरात, म्हणजे आपल्या कोल्हापुरात, भिक्षेला येतात, म्हणून त्या वेळी अंगणातल्या औदुंबराला पाणी घालायचं, अनवाणी अकरा प्रदक्षिणा घालायच्या आणि बुंध्याशी पानावर भिक्षा ठेवायची. दीड वर्षापूर्वी त्यांनीच पतीच्या मागे लकडा लावला होता, "चिखलाचे पाय घेऊन देवापुढं कसं जायचं? फरशी घाला." गुरुप्रसादरावांनी हौसेनं फाटकापासून थेट बुंध्यापर्यंत सिमेंटचे ठोकळे बसवले. बोटभर माती दिसू दिली नाही. मग ते बघून गल्लीतल्या सगळ्यांनीच आपापली अंगणं तशी करून घेतली.

आता अंगण तव्यासारखं तापत होतं. घातलेलं पाणी मुळाशी न थांबता उतारानं गटारीत जात होतं. आणि औदुंबर शेंड्याकडून वाळत चालला होता.

"मोजे घाल," गुरुप्रसादराव पंख्याखालून म्हणाले.

"मोजे घालून प्रदक्षिणा?"

"मग सकाळी उरकून घे."

"हो. वेळ बदलली म्हणून महाराजांना तुम्हीच कळवा."

"तुझ्याच हट्टाची फरशी आहे. आणि हा पंखा बघ, नुसत्या वाफा सोडतोय."

तेवढ्यात फाटकाशी हाक आली, "करवंदं घ्या वो." शाहूवाडीच्या डोंगरातून दर वैशाखात पाटी घेऊन येणाऱ्या झुंबरबाई. दर वर्षी त्या औदुंबराखाली बसून तांब्याभर पाणी प्यायच्या. आज मात्र भिंतीच्या सावलीला, बाहेरच उभ्या राहिल्या.

"आत या की."

"न्हाय वैनी. चप्पल तुटलीया माझी. तुमच्या दारात पापड भाजून निघतील, माझं पाय काय घिऊन बसलाय!"

पाटीच्या तळाला जेमतेम करवंदं होती. "एवढीच?" इरावतीबाईंनी विचारलं.

"करवंदीच्या जाळ्या हुत्या त्यो डोंगरच फोडला की. खडी करून न्हेली. तिचंच हे ठोकळं झालं आसतील. आमचा डोंगर तुमच्या दारात येऊन पडलाय."

गुरुप्रसादराव बाहेर आले. "अहो झुंबरबाई, सगळं जगच तापलंय. आमच्या एका अंगणानं काय होतंय?"

"एक कुठलं, आण्णा? आख्ख्या गल्लीत चिमूटभर माती दिसंना. परत्येक जण म्हणतोय, माझ्या एकट्यानं काय हुतंय. तिकडं डोंगर बोडका, हितं जमीन झाकल्याली. पडल्यालं पाणी मुरायचं कुठं? ते जातंय नदीला. वैनींची भन खाली नदीकाठाला, शिरोळला हाय न्हवं? गेल्या पावसाळ्यातल्या पुरात तीन दिस माळ्यावर बसली हुती. तिच्या घरातलं पाणी थोडं आमच्याकडचं, थोडं तुमच्या ह्या गुळगुळीत दारातलं."

झुंबरबाईंनी हनुवटीनंच औदुंबर दाखवला. "आन ह्येला रोज पाणी घालताय व्हय? लेकराच्या तोंडावर फडकं बांधून दूध पाजल्यागत."

इरावतीबाई हातात भिक्षेचं पान घेऊन तशाच उभ्या राहिल्या. बारा वाजून गेले होते. भिक्षेच्या वेळी दारी आलेलं माणूस पाय भाजतात म्हणून फाटकाबाहेर उभं होतं, आणि आपण आत भिक्षा मांडायला निघालो होतो! इथं अनवाणी येणारे महाराज कुठं पाय टेकतील? वीस वर्षांचा नेम आपणच दीड वर्ष मोडत आलो!

त्या फाटकापाशी गेल्या. पान झुंबरबाईंच्या हाती देऊन म्हणाल्या, "आधी जेवा." मग वळून नवऱ्याला विचारलं, "पहार कुठं आहे?"

"अगं, फरशी नवी आहे."

"झाड जुनं आहे."

संध्याकाळी ऊन उतरल्यावर दोघांनी मिळून बुंध्याभोवतीचे ठोकळे उपसले. शेजारून टोमणा आला, "काय गुरुप्रसादराव, चिखल परत मागवलाय व्हय?" पुढच्या पंधरवड्यात स्कूटरपुरती पट्टी सोडून सगळं अंगण मोकळं झालं. टोमणा मारणाऱ्यांनी एक दिवस हळूच पहार मागून नेली.

आता घातलेलं पाणी मुळाशी क्षणभर थांबतं आणि आत मुरतं. इरावतीबाईंचे पाय पुन्हा मातीनं भरतात. त्या ते पायरीवरच्या गोणपाटाला पुसतात आणि घरात जातात.

वाचकहो, आपलं अंगण फाटकापाशी संपत नाही. त्याचं एक टोक फोडलेल्या डोंगरात असतं आणि दुसरं कुणाच्या तरी पुरात बुडालेल्या घरात. म्हणून बांधताना हात थोडा आखडता घ्या. धरणीला श्वास घ्यायला जागा सोडणं, हाही एक नेमच आहे.