बांधावरची तूर

हायवेच्या कडेने चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी नवा रस्ता झाला, तेव्हा त्याचं नाव काय ठेवावं हे अण्णांना कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी ‘बांध’ असंच सांगितलं असतं, कारण तो त्यांचा बांधच होता. चामटोलीच्या बाजूचं त्यांचं भातशेत हायवेत गेलं आणि बांध होता तिथे लाल-हिरवे पेव्हर ब्लॉक बसले. अण्णांचं घर आता ज्या बिल्डिंगमध्ये होतं तिथले लोक त्याला वॉकवे म्हणत, सायकलवाले ट्रॅक म्हणत. अण्णांच्या घरात मात्र बांधच. अण्णा कुठे गेले, तर बांधावर. सून भावना बुवापाड्याहून लग्न होऊन आली तेव्हा तिथे खराखुरा बांध होता. तिच्याही तोंडात तोच शब्द बसला.

आता बांध म्हटला की त्यावर तूर आलीच. खाचरात भात आणि बांधावर तूर, हे अण्णांनी जन्मभर केलेलं. त्यामुळे ब्लॉक आणि रेलिंग यांच्यामध्ये वीतभर माती मोकळी दिसली आणि म्हाताऱ्याचे हात शिवशिवले. जुलैत त्यांनी कुणाला न सांगता चांगली पन्नासेक पावलं तूर पेरली. तिथली फुलझाडं सांभाळणारा माळी हरिचंद्र गावातलाच. त्याने पाहिलं, हसला आणि काणाडोळा केला. ऑगस्टात रोपं हातभर झाली.

प्रकरण चिघळलं ते फोटोमुळे. अण्णा ट्रॅकवर मधोमध उकिडवे बसून खुरपी चालवतायत, असा फोटो कुणीतरी बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं होतं, ‘हे आजोबा कुणाचे आहेत? सायकलवाला आपटला तर जबाबदार कोण?’ त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी तर लिफ्टमध्ये भावनाला "काय म्हणतात तुमचे शेतकरी?" असं विचारलं, आणि ते इतक्या गोड आवाजात, की भावनाला रागवायची सोय राहिली नाही. तो न आलेला राग तिने घरी आणला. राग असाच असतो, ज्याच्यावर काढायचा त्याच्यावर निघत नाही, आणि जो समोर ताटावर बसलेला असतो त्याच्या वाट्याला येतो.

"अण्णा, तुमच्यामुळे मला खाली मान घालून चालायला लागतं," ती संध्याकाळी म्हणाली. "लोक हसतात. संपवा ना आता एकदाचं. कंटाळले मी."

अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही.

"बरं," ते म्हणाले.

त्या ‘बरं’ने भावना अस्वस्थ झाली. अण्णा चिडले असते तर तिने चार शब्द आणखी ऐकवले असते आणि विषय मिटला असता. पण ते उठले, हात धुतला आणि गॅलरीत जाऊन पाठमोरे बसले.

सकाळी ती उठली तेव्हा अण्णा घरात नव्हते. नवरा राजेंद्र पहिल्या पाळीला अंबरनाथला गेलेला, त्याचा मोबाइल कंपनीच्या गेटवर जमा. अण्णांचा कप ओट्यावर कोरडाच होता. चहा घेतल्याशिवाय हा माणूस कधी उंबरा ओलांडत नसे.

सात वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. नंबर अण्णांचा, आवाज परका.

"हॅलो, अण्णा के घर से? आपके अण्णा ट्रॅकपे गिरे हैं. जल्दी आओ, वो उठ नहीं..."

फोन बंद पडला. तिने उलट लावला, तर स्विच ऑफ.

ट्रॅक. ज्याचा जन्म रुळांच्या शेजारी गेला, त्याला हा शब्द एकाच अर्थाने ऐकू येतो. घराजवळ पाच मिनिटांवर दुसराही एक ट्रॅक आहे, हे भावनाच्या डोक्यात आलंच नाही, कारण त्याला तिच्या घरात त्या नावाने कधी कुणी हाकच मारली नव्हती. आणि त्या शब्दाच्या पाठोपाठ तिचं कालचं वाक्य आलं. संपवा ना आता एकदाचं. शेजारच्या उमाला ती दारातूनच "अण्णा रुळावर..." एवढं बोलली, कुलूप घातलं आणि मिळेल ती रिक्षा पकडून निघाली.

गावची माणसं जिथे रूळ ओलांडतात तिथे ती उतरली. रेल्वेची चार-पाच माणसं खडी ओढत होती.

"इथे कुणी म्हातारा माणूस..." तिला पुढचा शब्द बोलवेना.

त्यातला एक वयस्कर होता. त्याला ते बोलावं लागलं नाही. "काय नाय ताई. सकाळपासून गाड्या टायमावर चालल्यात," तो म्हणाला.

गाड्या वेळेवर आहेत म्हणजे कुणी मेलेलं नाही, हा हिशेब तिलाही कळत होता. तरी तिला धीर निघेना. ती खडीवरून चालत सुटली. रुळांखालच्या मोरीपाशी काहीतरी पांढरं पडलेलं दिसलं आणि तिथवर जाईपर्यंत तिने गावदेवीला काय काय कबूल केलं ते तिचं तिला ठाऊक. पांढरी गोणी होती. ती पुढे चालली. देवी, बोलले मी, शिक्षा त्यांना नको, असं ती चालता चालता पुटपुटत होती. अण्णांनी हे का केलं, असं तिला एकदाही वाटलं नाही. केलंच असणार, हे तिने धरूनच टाकलं होतं.

आठ वाजत आले असताना उमाचा फोन आला.

"अगं, रुळावर कुठे फिरतेस? अण्णा बांधावर आहेत. आपल्या बांधावर. हरिचंद्र कामावर आला तेव्हा त्याला दिसले. घरी आला तर तुझं कुलूप. मीच त्याला सांगितलं, ती रुळाकडे गेली म्हणून. पाय मोडलाय बहुतेक, पण शुद्धीवर आहेत. ये लवकर."

ती पोचली तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. ब्लॉकांवरच्या शेवाळावरून पाय सरकून अण्णा रेलिंगपाशी आडवे पडले होते. बाजूला एक मोठी सायकल, आणि आपला रेनकोट त्यांच्या डोक्यावर धरून एक जाडसर गृहस्थ उभा. भूपेश नावाचा हा उल्हासनगरचा कापडवाला रोज सकाळी इथवर सायकल मारत येई.

"भाभी, मैंने कितनी बार बोला, गाडी बुलाता हूँ," तो म्हणाला. "हात लावू देत नाही. बोलते, माझी सून येते, घर पाच मिनिटावर आहे. फोन इनका बंद, नंबर इनको याद नहीं. आता माळीने जबरदस्ती अँब्युलन्स बोलावली." मग तो जरा ओशाळला. "वो तो बांध, बांध बोल रहे थे. मुझे समझा नहीं. मैंने ट्रॅक बोल दिया. गलती मेरी."

चूक कुणाची ते भावनाला ठाऊक होतं. ती अण्णांपाशी खाली बसली. तासभर हा माणूस उन्हात मोडक्या पायाने पडून होता, कुणाला हात लावू देत नव्हता, कारण सून येणार होती. आणि सून त्यांचं प्रेत शोधत होती.

"रुळावर गेलतीस म्हनं," अण्णा म्हणाले.

तिने मान खाली घातली.

"तुला असा वाटला?"

‘नाही’ असं खोटं बोलायला निदान त्यांच्या डोळ्यांत बघावं लागलं असतं. तिची नजर त्यांच्या हातावर होती. उजव्या मुठीत तुरीच्या रोपांची जुडी होती, मुळांना माती तशीच लागलेली. तिने रेलिंगच्या कडेने पाहिलं. अर्ध्या पट्ट्यात उपटलेल्या रोपांचे ताजे खड्डे होते. उरलेल्या अर्ध्यात तूर उभी होती.

"तूच बोललीस ना, संपवा," अण्णा म्हणाले. "लोकं यायच्या आधी उरकावा म्हनला. निम्मी ऱ्हायली."

भावना रडली. हरिचंद्र आणि भूपेश दोघेही हायवेकडे बघत राहिले.

अँब्युलन्स आली. स्ट्रेचरवर घेताना पाय हलला, तेव्हा अण्णांनी दात आवळले पण आवाज काढला नाही. "बाबा, हातातलं टाका ते," अँब्युलन्सवाला म्हणाला. अण्णांनी जुडी भावनापुढे केली.

"धर. मुळं ओली हायत अजून."

गाडीचं दार लागलं. ती त्यांच्या उशाशी बसली, जुडी मांडीवर धरून.

"अण्णा, चुकलं माझं," ती म्हणाली.

अण्णांनी गाडीच्या छताकडे पाहिलं.

"बरं," ते म्हणाले.

कालच्यासारखंच म्हणाले. आणि या ‘बरं’चा अर्थ काय, हे विचारायचा धीर भावनाला दवाखाना येईपर्यंत झाला नाही.