भिंतीवरचं निळं तळं

मी एक जुना लॅपटॉप बोलतोय, आणि आज जे सांगणार आहे त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. अगदी शपथेवर. आता शपथ घ्यायला छातीवर ठेवावा असा हात मला नाही, छातीही नाही, आणि शब्द न् शब्द म्हणजे अगदी प्रत्येकच शब्द असंही नाही. एका जागी मी थोडं वाढवलंय. कुठे ते शेवटी सांगेन. तोवर तुम्ही भिऊन घ्या. मी तर अजून भितोय.

माझं वय नऊ. आमच्या जातीत नऊ म्हणजे पन्नाशी उलटली. पहिली पाच वर्षं कॅनडातल्या विनिपेग शहरात, एका विमा कचेरीत गेली. दिवसभर लोकांच्या अपघातांचे अर्ज भरायचे. जळलेली घरं, चेपलेल्या गाड्या. भीती माझ्या अंगात तिथेच मुरली असावी. मग कचेरीनं नवी यंत्रं घेतली आणि मला शाळेला दान करून टाकलं. हिवाळ्यात तळी गोठून बर्फाचा रस्ता तयार झाल्यावर ट्रकमध्ये पिठाच्या पोत्यांवर बसून मी उत्तरेला या तळ्याकाठच्या क्री आदिवासींच्या वस्तीत आलो.

शाळेत पोरांनी पहिल्याच आठवड्यात माझी दोन बटणं उपटली. कर्टिस फ्लेट नावाच्या पोरानं उरलेल्यांवर सिरप सांडलं. तरी मी चाललो, कारण आमच्या बाई, मिस ग्वेन, मला टाकायला तयार नव्हत्या. विकतचे प्रोग्राम हवेत म्हणून त्यांनी जिल्ह्याला तीन पत्रं लिहिली होती. तिन्हींचं उत्तर 'पुढच्या वर्षी बघू'. मग त्यांनी जगभरच्या हौशी माणसांनी लिहून फुकट वाटलेला एक प्रोग्राम माझ्यात घातला. आकडे द्या, तो चित्र काढतो. जुना प्रोजेक्टर जोडला की चित्र भिंतीवर.

काय दिवस होते ते! अपूर्णांक म्हटलं की डोकं खाली घालणारी पोरं भिंतीवर कापलेला गोल बघून ओरडायची, "अरे, हा तर पाव बॅनक!" बॅनक म्हणजे इथली तव्यावरची जाड रोटी. पोटातून शिरलेलं गणित डोक्यातून जात नाही, हे मी स्वतःच्या डोळ्यानं पाहिलं. डोळा मला आहे, पडद्याच्या वर, एकच.

त्या नोव्हेंबरात बाईंनी ठरवलं की पोरांनी आपलंच तळं मोजायचं. वरच्या धरणातून केव्हाही पाणी सोडायला लागल्यापासून तळ्याचा बर्फ जुन्या माणसांच्या आठवणीप्रमाणे वागेनासा झाला होता. गावासाठी बर्फ तपासणारा ह्युबर्ट पुढे झाला. आधी लोखंडी पहार आपटून बघायची, मग गिरमिटानं भोक पाडायचं. पोरांनी पट्टी बुडवून इंच लिहायचे. साठ भोकं, साठ आकडे. ते माझ्यात भरले आणि प्रोग्रामनं आपल्या सवयीनं रंग दिले. आकडा मोठा तो लाल, लहान तो निळा. बाई दक्षिणेच्या. त्यांना यात काही खटकलं नाही. लाल, जाड, भक्कम. निळा, पातळ, पाणी. छान.

मला मात्र घाम फुटला. का ते सांगतो. मागच्या वसंतात बाई बाहेर गेल्या असताना आल्फोन्स मोशुम वर्गात येऊन बसले होते. मोशुम म्हणजे आजोबा. सगळं गाव त्यांना तेच म्हणतं. ते पोरांना म्हणाले होते, "निळा बर्फ माणसाला धरून ठेवतो. पांढऱ्यावर अर्धाच विश्वास टाकायचा. आणि करड्यावर कुत्र्यालासुद्धा पाठवायचं नाही." पोरं तेव्हा बोटं मोडत होती. ऐकलं ते मी.

चित्र बघायला बाईंनी गावाला चहाला बोलावलं. ह्युबर्ट आला नाही. गिरमिटाचं पातं घासत बसला होता. तळ्याच्या ज्या चिंचोळ्या भागाला सगळे गळा म्हणतात, तिथे धोक्याच्या खुणेच्या फांद्या तो दुसऱ्या दिवशी रोवणार होता. रंगांचा अर्थ सांगणारी पट्टी चित्राच्या तळाशी होती, आणि चित्राचा तळ नेमका पुस्तकांच्या फळीवर पडला होता. कुणाच्या बापाला वाचता येईना.

मोशुम चहा घेऊन भिंतीजवळ गेले. "हा गळा निळा? यंदा?"

"निळाच, मोशुम!" कर्टिस छाती फुगवून म्हणाला. "आम्ही स्वतः मोजलंय."

"तू मोजलंस? तुला तुझ्या पायातले बूट मोजता येत नाहीत."

सगळे हसले. बाई जवळ आल्या. "अगदी गडद निळा आहे, मोशुम. लक्षात ठेवाल ना?"

"ठेवलं, पोरी." त्यांनी बॅनकचा तुकडा खिशात घातला. "माझ्या बापानं गळ्यावर कधी पाय टाकला नव्हता. पण आता जुनं काहीच जुळत नाही. पोरांनी भोकं पाडून बघितलंय, ते खरं."

बाईंना वाटलं, सावध केलं. मोशुमना वाटलं, वाट दाखवली. दोघंही खूश.

मोशुमची जाळी पलीकडच्या काठाला बर्फाखाली लावलेली होती. वळसा घालून तीन तास, गळ्यावरून पाऊण. खिडकीबाहेर त्यांची बर्फावरची गाडी फुरफुरली आणि आवाज तळ्याच्या दिशेनं लहान होत गेला.

आणि मी काय करणार? मला तोंड नाही. माझ्या पोटात गळ्याचे आकडे होते: चार, तीन, साडेतीन, तीन. मग मी पंखा सोडला. असा फिरवला, असा किंचाळलो, की शाळेच्या स्वयंपाकघरात मोशुमची बायको व्हर्ना दचकली आणि हात पुसत वर्गात आली.

तिनं भिंतीकडे बघितलं. "अगं बाई, गळ्यावर किती छान बर्फ धरलाय यंदा!"

"छान?" बाई पुस्तकं आवरत होत्या. "व्हर्ना, तो सगळा पातळ आहे. तीन-चार इंच."

"मग निळा कसा?"

"निळा म्हणूनच तर पातळ."

व्हर्नाच्या हातातलं फडकं खाली पडलं. "आल्फोन्स तिकडूनच गेलाय. मला सांगून गेला, गळा निळा आहे, दिवे लागायच्या आत येतो."

स्वयंपाकघरातला वायरलेस तिनं दोन्ही हातांनी धरला. "आल्फोन्स. आल्फोन्स, थांब." नुसती खरखर. इंजिन चालू असलं की मोशुमना जवळच्या वायरलेसवरचं काही ऐकू येत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक. कर्टिस ह्युबर्टकडे धावला. ह्युबर्टची गाडी निघाली, पण मोशुम वीस मिनिटं पुढे होते. व्हर्ना बोलत राहिली. "आल्फोन्स, म्हाताऱ्या, तुला जाळी हवीत की मी?" बाई भिंतीला टेकून उभ्या. तोंडावर माझाच निळा उजेड. प्रोजेक्टर बंद करायचंही कुणाला सुचलं नाही.

विमा कचेरीत मी शेकडो अपघात वाचले होते, पण सगळे होऊन गेलेले. होण्याआधीचा हा पहिला.

खूप वेळानं खरखरीतून आवाज आला. "काय गं बोंबलतेस? पलीकडच्या गावापर्यंत ऐकू गेलं."

व्हर्ना खाली बसली. जमिनीवरच.

झालं असं की नव्या बर्फावर चढण्याआधी मोशुम गाडी बंद करतात, खाली उतरतात आणि चिमूटभर तंबाखू तळ्याला वाहतात. त्यांच्या बापाचा रिवाज. इंजिन थांबलं म्हणून बायकोचा आवाज कानी पडला. ह्युबर्टनं मग पहार आपटून बघितली. मोशुमच्या गाडीपासून चाळीस पावलांवर ती एका घावात आरपार गेली.

दुसऱ्या सकाळी मोशुम माझ्यासमोर बसले. एका बोटानं, सिरपानं चिकटलेल्या बटणांवर, त्यांनी स्वतः रंग बदलले. फुकटच्या प्रोग्रामचं एक बरं असतं, त्याला हात लावायला कुणाची परवानगी लागत नाही. जाड तो निळा. मधला पांढरा. पातळ तो करडा.

बाईंचे डोळे रडून सुजले होते. "लाल नकोच का कुठे?"

"लाल बर्फ मी सत्तर वर्षांत बघितला नाही. तू बघितलास?"

कर्टिससुद्धा हसला नाही.

आता माझी बिजागरी तुटलीय. पाठीला पुस्तक टेकवलं तरच पडदा उभा राहतो. जूनमध्ये जिल्ह्याचा माणूस येईल आणि मला भंगारात नेईल. त्याचीही भीती वाटते, पण चाळीस पावलांइतकी नाही. माझी विनंती एवढीच: कुणाला चित्र दाखवाल, तर आधी त्याला विचारा की बाबा रे, तुझा चांगला रंग कुठला.

आणि हो, वाढवलेलं सांगायचं राहिलं. पंखा. माझा पंखा त्याआधीच्या मार्चपासून बंद पडलेला होता. किंचाळलो वगैरे काही नाही. व्हर्ना आली ती चहाचे कप उचलायला. मोशुम तिकडे गळ्याकडे निघाले होते, आणि मी इथे भिंतीवर तळं निळं धरून बसलो होतो, एक ठिपकाही न हलवता.