चुकीचा केक

दुपारी तीनला, पाळी बदलताना, बेंटेने टेबलावर केक ठेवला आणि नर्स मेरेतेने चमकून तिच्याकडे पाहिलं. डेन्मार्कमधल्या युटलंडच्या किनाऱ्यावरच्या इस्पितळातल्या त्या वॉर्डाची रीतच होती: औषधात चूक झाली की नर्सने केक आणायचा, सगळ्यांनी हसत खायचा, विषय संपला! चूक कळवणाऱ्याला शिक्षा नाही, असं कायदा सांगे. पण वॉर्डात राज्य होतं मुख्य नर्स बेंटेचं.

"काय दिवे लावलेस गं?" कुणीतरी चिडवलं.

"झालं काहीतरी बारीकसं. खा मुकाट्यानं!"

मेरेतेला सगळा उलगडा झाला. सकाळी आठला तिने म्हाताऱ्या आक्सेलला रक्त पातळ करायचं इंजेक्शन दिलं होतं. दहाला बेंटे त्याच्याच खोलीतून सिरिंज घेऊन बाहेर पडताना दिसली होती. आता म्हातारा रक्त ओकत होता आणि डॉक्टर पोटात अल्सर शोधत बसले होते. उतारा कपाटात होता, पण डॉक्टरांना कुणी सांगेल तर ना!

"बेंटे, आक्सेलला तू परत टोचलंस?"

"हळू बोल. थांबेल रक्त. ब्याऐंशीचा आहे तो, कोण विचारतंय?"

कोण विचारतंय! मेरेतेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गेल्या हिवाळ्यात योहाने या नर्सने केक न आणता स्वतःची चूक लेखी कळवली होती. बेंटेने तिला महिनाभर सगळ्यांदेखत फैलावर घेतलं, औषधांच्या कपाटाची किल्लीसुद्धा काढून घेतली. रडतरडत गेली बिचारी नोकरी सोडून. आणि मेरेते? खाली मान घालून बसली होती. त्या दिवसापासून बेंटेला एकदा तरी धुळीला मिळवायचं, हे तिच्या मनात घर करून होतं.

तिने सगळ्यांसमोर फोन उचलला. "डॉक्टर, आक्सेलला इंजेक्शन दोनदा गेलंय. आठला मी दिलं, दहाला बेंटेनं. उतारा द्या, पळा!"

बेंटे पांढरीफटक पडली. "तुझे दोन केक विसरलीस? तेही उकरीन मी!"

"उकर ना! मीच लिहिते आधी. बुडेन मी, पण तुझे केस धरून बुडेन. योहानेला रडवलंस ना? आता तुझी पाळी!"

सूड म्हणा हवं तर. मेरेतेला तो गोड लागला, त्याची तिला लाजही वाटली नाही.

डॉक्टर धावत खोलीत शिरले. बाहेर बाकावर आक्सेलची बायको कार्ला बसली होती. मेरेतेने तिच्यापुढे बसून काहीही न लपवता, केकच्या रीतीसकट सगळं सांगितलं, आता हे लेखी कळवणार आहे हेही. म्हातारा वाचेल की नाही, ते अजून कुणालाच माहीत नव्हतं.

कार्लाने विचारलं, "असं किती दिवस चाललंय?"

"अकरा वर्षं."

"आणि तू इथे किती वर्षं आहेस?"

"अकरा."

"मग त्या कागदावर तुझंही नाव घाल."

"सगळ्यात वर तेच लिहिणार आहे," मेरेते म्हणाली.