जांभळ्याचं पिवळं

"माधवे, त्या इक्कीला शिकल्यालं काय बी दावू नगंस. त्यो त्याचं दुकान मांडंल," भामाबाईंनी, तिच्या सासूनं, बजावलं होतं. माधवी हसली होती. दिराला, विक्कीला, कॉलेजातला प्रयोग सांगितला तर काय बिघडतंय? गुळवेलीचा रस टाकला की परमँगनेटचं जांभळं पाणी पिवळं पडतं, म्हणजे वेलीत अँटिऑक्सिडंट आहेत. एवढंच तर ती बोलली.

आता घाटाच्या वळणावर विक्कीची टपरी होती. विहिरीत टाकायची जांभळी पुडी ग्लासात कालवायची, वर रस ओतायचा. "बगा पावनं, अंगातलं इष असं निगतं!" गाड्यांतली माणसं टाळ्या पिटायची.

माधवी लेकराला कडेवर घेऊन तणतणत तिथं आली.

"कोंडाजी आबांना किती पाजतोस?"

"सकाळ-सांज तांब्याभर. चुलता हाय, फुकाट देतो."

"डोळे बघितलेस त्यांचे? हळदीसारखे झालेत! कावीळ आहे ती. या रसानं लिव्हरचं काय होतं ते प्रयोगात दिसत नसतं. रस बंद कर."

"वैनी, गिऱ्हाइकापुढं तमाशा नगं. पोर घिऊन घरी व्हा."

माधवीनं त्याचाच उष्टा चहा उचलला नि दुसऱ्या जांभळ्या ग्लासात ओतला. तेही पाणी बघता बघता पिवळट पडलं.

"विष असं निघतं व्हय रे? मग चहाच विक की!"

गिऱ्हाईक हसत गाडीत बसलं. विक्कीनं बरणी आपटली. "आमच्याच घरात खाती न् आमच्याच पोटावर पाय देती!"

ती तशीच चढ चढून आबांच्या खोपटाशी गेली. आबा दारात, तांब्या मांडीवर.

"उठा आबा, खाली रिक्षा थांबलीय. दवाखान्यात जाऊ."

"कशापायी? जांभळ्याचं पिवळं व्हतंय न्हवं? तसंच माजं बी इष निगतंय." खालची पापणी ओढून त्यांनी कौतुकानं डोळा दाखवला. "इक्की सांगतो, तूच शिकवलंस त्येला."

तिनं तांब्या ओढला तशी त्यांनी काठी उगारली. लेकरू किंचाळलं. "चालती हो! पुन्यांदा हितं पाय ठिवू नगं."

माधवीचं आबा आता ऐकायचे नाहीत. तुम्हां परक्यांचं ऐकतील कदाचित. कुसगावकडून घाटात निघालात तर टपरीमागच्या पायवाटेनं वर जा, आबांना हाक मारा. दाराला नुसता टेकू असतो. ओ आली नाही तर ढकला.