बिनपरवान्याचं बारसं

पुष्पाबाईला तिसरी मुलगी झाली आणि पिंपळगाव रेणुकाईतल्या त्या घरात कुणी गेल्यासारखी सामसूम पसरली. पहिलीच्या वेळी पेढे नाही तरी गूळ वाटला होता. दुसरीला निदान पाळणा बांधला होता. तिसरीला काहीच नाही. बारावा दिवस उलटला, सव्वा महिना होऊन गेला, तरी बारशाचं नाव कुणी काढेना. सासू झुंबरबाई पोरीला ‘नकुशा’ म्हणायची आणि ते खुळं लेकरू ते नाव ऐकून हसायचं. ते हसू पाहिलं की पुष्पाबाई तिला उचलून आत न्यायची.

नवरा धर्मराज वाईट माणूस नव्हता. त्यानं बायकोवर कधी हात उगारला नाही, बैलावरही नाही. पण पोरगा होणार या भरवशावर तो रेणुकाईला जेवणावळ कबूल करून बसला होता, आणि आता स्वतःच्याच लेकीपासून तोंड चुकवत फिरत होता. इतक्या दिवसांत त्यानं तिला एकदाही उचललं नव्हतं.

नाव मात्र पुष्पाबाईनं मनातल्या मनात ठरवून ठेवलं होतं. तिचा दीर बद्रीनाथ जालन्याला राहून चार बुकं शिकून आला होता. बदनापूर स्टेशनावर उतरणाऱ्या कुणाकुणाच्या हाती तो पुण्याकडचं वर्तमानपत्र मागवायचा. गावात पोचेपर्यंत ते शिळं होऊन जायचं, पण ओसरीवर बसून तो असा वाचायचा की जणू सगळं आत्ताच घडतंय. एकदा त्यात कुणी इंदुमती नावाची मुलगी मॅट्रिक पास झाल्याचं आलं होतं. पुष्पाबाई आत भाकरी थापत होती. मॅट्रिक म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं. पण कुठल्या कोण पोरीचं नाव इतक्या लांबून आपल्या चुलीपर्यंत आलं, याचंच तिला नवल वाटलं. त्या नादात भाकरी करपली, पण नाव तिनं जपून ठेवलं.

एक दिवस बद्रीनाथ स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

“वयनी, पोरीचं बारसं करू. झोकात करू. समद्या गावाला बोलावू.”

पुष्पाबाईचे डोळे भरून आले. पदरानं डोळे पुसते तोच तो पुढं म्हणाला, “बाप्यांना बी बोलावू.”

“बारशाला बाप्ये कशाला, भावजी?”

बद्रीनाथ मान खाजवू लागला. मग हळूहळू खरं काय ते बाहेर आलं. त्याला गावात वाचनालय काढायचं होतं. जालन्याहून एक मास्तर येऊन चार शब्द बोलणार होते. पण निजाम सरकारचा हुकूम होता, सभा भरवायची तर आधी परवाना हवा. बद्रीनाथचा अर्ज भोकरदनच्या कचेरीत जाऊन जो बसला तो उठायचं नाव घेईना. लग्न-बारशाला मात्र कुणी काही विचारत नव्हतं.

“म्हंजी माझी लेक तुमच्या सभेचा परवाना व्हय?” पुष्पाबाईनं हातातलं उलथनं खाली ठेवलं. “सव्वा महिना कुणी तिच्याकडं बघितलं न्हाई, अन् आता तिचा आडोसा करून राह्यले!”

स्त्रीशिक्षणावर ओसरीत तासभर बोलू शकणारा बद्रीनाथ बिचारा खरंच शरमला.

“चुकलो, वयनी. तुमी सांगाल तसं करू.”

“आधी बारसं, मंग तुमची सभा. अन् नाव मी ठेवीन.”

“बिलकुल,” बद्रीनाथ म्हणाला आणि पळाला.

जालन्याचा पाहुणा येणार म्हटल्यावर झुंबरबाईनंही कुरकुरत का होईना, घुगऱ्यांसाठी हरभरे भिजवले. बारशाच्या दिवशी माजघर बायकांनी भरलं आणि ओसरी बाप्यांनी. चुलत आत्या द्वारकाबाईनं पोरीच्या कानात ‘इंदुमती’ सांगितलं, पाळणा हलला, गाणी झाली. पुष्पाबाईचं लक्ष दाराबाहेर होतं. धर्मराज निदान मान वळवून विचारील, नाव काय ठेवलं म्हणून. पण बाहेर सगळे मास्तरांच्या भोवती जमले होते आणि धर्मराजही त्यांच्यातच बसला होता. पुष्पाबाईला फार वाईट वाटलं.

मास्तरांनी बोलायला सुरुवात केली न केली तोच अंगणात घोडा थांबला. पोलिस ठाण्याचे जमादार गयासोद्दीन खाली उतरले. मास्तरांनी तोंडातलं वाक्य तसंच गिळलं. कुणीतरी घाईघाईनं घुगऱ्यांची परात मधोमध सरकवली.

जमादारांनी ओसरीवर नजर फिरवली. “क्यों धर्मराज, बारसे में इत्ते मर्दां कैको?”

इथंच सगळं फसलं होतं. चार हुशार माणसांनी बसून बेत आखला, पण बारसं हे बायकांचं, तिथं बाप्ये फिरकत नाहीत, हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. येणार कसं? बारशाला कधी कोण गेलेलं होतं? पुष्पाबाईनं विचारलं होतं, तर ते कुणी मनावर घेतलं नव्हतं.

“लेकीचं बारसं हाये, साहेब,” धर्मराज कसाबसा बोलला.

“अच्छा. नाम क्या रक्खे?”

धर्मराजनं तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं.

“बाप को नाम मालूम नहीं?” जमादारांचा आवाज बदलला. “फिर ये जलसा किसका है?”

बद्रीनाथनं हातातलं वर्तमानपत्र चटईखाली सरकवलं. आता त्याला आणि मास्तरांना ठाण्यात नेणार हे सगळ्यांनाच दिसत होतं. पुष्पाबाईला दाराआडून ओरडून नाव सांगता आलं असतं. पण बापाला लेकीचं नाव असं ओरडून सांगायचं? तिला नवऱ्याचा संताप आला आणि त्याचा उतरलेला चेहरा पाहून कीवही आली. तिनं पाळण्यातून पोरीला उचललं आणि उंबरा ओलांडून थेट बाप्यांमध्ये गेली. त्या घराच्या सुनेनं असं कधी केलं नव्हतं. तिनं लेकरू धर्मराजच्या हातात दिलं.

“बापाच्या तोंडून समद्या गावानं नाव ऐकावं, म्हून बोलावलंय, साहेब. त्यांना अजून सांगितलंच न्हाई.”

आणि आत्या बाळाच्या कानाशी वाकते तशी ती नवऱ्याच्या कानाशी वाकली. आत झुंबरबाईनं कपाळावर हात मारून घेतला.

धर्मराजला लेकरू नीट धरताही येईना. तीन पोरींचा बाप, पण बायकोनं दिलं आणि आईनं घेतलं, यातच त्याचं निभावलं होतं. त्यानं खाली पाहिलं. पोरीला त्याचंच रुंद कपाळ होतं, भुवयाही त्याच्याच. ती टक लावून त्याच्याकडं बघत होती. तो जमादारांना विसरला, सभेला विसरला.

“इंदुमती,” तो हळूच म्हणाला. मग घसा खाकरून मोठ्यानं म्हणाला, “इंदुमती. माझी लेक हाये.” आणि एवढ्या माणसांत त्यानं तिला छातीशी धरलं.

जमादार जवळ आले. त्यांनी पोरीकडं पाहिलं, मास्तरांच्या शहरी कोटाकडं पाहिलं, चटईखालून डोकावणारं वर्तमानपत्रही पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं. “मेरे घर में बी तीन बेटियां हैं,” ते म्हणाले. परातीतल्या मूठभर घुगऱ्या त्यांनी रुमालात बांधून घेतल्या. “मुबारक. मगर जल्दी निपटाओ.” आणि ते घोड्यावर बसून गेले.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. बद्रीनाथ लगबगीनं पुढं आला. “दादा, आणा तिला इकडं, आत देतो.”

“राहू दे,” धर्मराज म्हणाला.

मास्तरांचं भाषण थोडक्यात आटोपलं. शेवटी त्यांनी कागद-टाक काढला आणि वाचनालयाचे सभासद कोण होणार ते विचारलं. जमादार नुकतेच येऊन गेलेले. आपलं नाव कागदावर चढवायची छाती कुणाची होईना.

“लिहा,” धर्मराज म्हणाला. “इंदुमती धर्मराज.”

ओसरीवर हसू फुटलं. बद्रीनाथही हसला. “दादा, तिला कुठं वाचता येतंय?”

“मंग मला तरी कुठं येतंय?” धर्मराजनं पोरीच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं. “तुझं वाचून झालं की पेपर आमच्या दोघांकडं देत जा. शिकू.”

पुष्पाबाई अजून तिथंच उभी होती. आत जायचं तिला सुचलंच नव्हतं. डोळ्यांना पदर लावून ती रडत होती, पण हे ऐकून तिनं पदर काढला.

“दोघांकडं काहून?” ती म्हणाली. “तिघांकडं.”