चटई उचलणारी

सकाळी सव्वासहाला दूतावासातून फोन आला तेव्हा मी चहात पाव बुडवत होते. पलीकडे त्यांचा दुय्यम सचिव होता. एरवी इतका नम्र, की फोनवरसुद्धा वाकून बोलतोय असं वाटावं. आज त्याची पाचावर धारण बसली होती.

"बाई, फाटकाबाहेर चाळीसेक माणसं आहेत. त्यांच्याजवळ दगड आहेत, लाकडं आहेत. पोलीस पाठवा."

"ओरडतायत का?"

"नाही. माना खाली घालून नुसती बसलीयेत. त्याचीच जास्त भीती वाटते."

"सगळ्यांच्या पुढे कोणी डोक्यावरून चटई घेऊन बसलंय का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

पाव चहात विरघळून गेला. चटईखाली कोण बसलंय हेही मला कळलं होतं. तो माझा मामा होता, आणि त्याला तिथे मीच बसवलं होतं.

मी परराष्ट्र खात्यात राजशिष्टाचार बघते. कुठल्या पाहुण्याला कुठे बसवायचं, कोणाचा झेंडा कोणाच्या उजवीकडे लावायचा, हार आधी कोणाला घालायचा, यात अठरा वर्षं गेली. दूतावास ज्या मोठ्या देशाचा, त्याचं नाव घेत नाही. एक तर नोकरी आहे, आणि घेतलं म्हणून काही बदलणारही नाही. मैदान त्यांनी बांधून दिलं, बोटींचा धक्का ते बांधतायत, आणि दरवर्षी मैत्री सप्ताहात आमची पोरं त्यांची गाणी न अडखळता म्हणतात. आम्ही त्यांना नाच दाखवतो. ते टाळ्या वाजवतात. याला सांस्कृतिक देवाणघेवाण म्हणतात आणि त्याचा अहवाल मी लिहिते.

चार दिवसांपूर्वी त्याच धक्क्यावर, सवाई बेटावर, मामाच्या गावी, मामाच्या मुलाने खडीचा ट्रक मागे घेतला. पेलेनातो छत्तीस वर्षांचा, तीन लेकरांचा बाप, दारूला न शिवणारा. ट्रकचा आरसा महिनाभर फुटलेला होता. मागे त्यांचा इंजिनिअर कागद बघत उभा होता. तो जागच्या जागी गेला. पेलेनातो तेव्हापासून इथे शहरात, आपियाच्या कोठडीत आहे आणि कोणाशी बोलत नाही.

रविवारी मी गावी गेले होते. जेवताना मामाने विचारलं, "त्या माणसाचं घर कुठेय गं?"

"समुद्रापलीकडे, मामा. विमानानेही दोन दिवस लागतात."

"मग इथे त्यांचा मोठा कोण?"

"राजदूत," मी अळकुडी सोलत म्हटलं. "त्या सगळ्यांचा मताईच म्हण ना."

बोलून गेले. मामा आमच्या घराण्याचा मताई, म्हणजे प्रमुख आहे. घराच्या चुकीला मताई उत्तर देतो आणि घराच्या वतीने माफीही मताईच देतो, हे त्याला श्वास घेण्याइतकं माहीत. त्याने मान हलवली आणि मासा पुढे ओढला. मला वाटलं, विषय संपला.

मी पोचले तेव्हा चांगलं उजाडलं होतं. दूतावासाची पांढरी भिंत, लोखंडी फाटक, आणि त्यापुढे डांबरावर मांडी घालून बसलेला मामा. अंगावर आजीची चटई होती. केवड्याच्या पातीचे दोऱ्यासारखे बारीक धागे काढून आजीने आणि तिच्या बहिणीने ती पाच वर्षं विणली होती. रेशमासारखी मऊ, काठाला लाल पिसं. आईच्या लग्नातसुद्धा ती नुसती दाखवून परत गुंडाळली होती. मामाच्या मागे मामी, त्यामागे अख्खं घराणं, प्रत्येकाच्या पुढ्यात भट्टीचे काळे दगड, सरपण आणि केळीची पानं.

दुय्यम सचिव फाटकाच्या आत दोन शिपायांच्या मागे उभा होता.

"दगड फेकायला नाहीयेत," मी म्हटलं. "भट्टीचे आहेत."

"भट्टी कशाला?"

"त्यांना भाजायला. आमच्याकडून तुमचा माणूस गेला, आता आम्ही तुमच्या हातात, हवं तर भाजून खा, असा त्याचा अर्थ."

त्याचा चेहरा पांढरा पडला. "आम्ही? यांना?"

"अहो, कोणी खात नाही. माफी मागतायत ते. इफोगा म्हणतात. तुमच्यापैकी कोणी बाहेर यायचं, चटईचा कोपरा धरून ती उचलायची. बस्स. वैर संपलं."

"आणि नाही उचलली तर?"

"तर मामा बसून राहील. त्याने आपणहून उठायचं नसतं."

"किती वेळ?"

"माझ्या पणजोबांनी तीन दिवस काढले होते."

तो आत पळाला. मला आशा वाटली. काम एका कोपऱ्याचं होतं. दोन बोटं पुरली असती.

राजदूतसाहेब चांगला माणूस आहे, हे मी रागातही म्हणेन. त्यांनी मला आत बोलावलं, पाणी दिलं, सगळं नीट ऐकलं. मग म्हणाले, "मी उचलली तर त्याचा अर्थ माझ्या देशाने माफ केलं असा होतो. तो अधिकार मला नाही. राजधानीला विचारतो."

"राजधानीत आता काय वाजलेत?"

त्यांनी घड्याळ पाहिलं. तिकडे सगळे झोपले होते.

त्यांचा कायदेसल्लागारही तिथे होता. चटई उचलणं म्हणजे तडजोड, तडजोड झाली की भरपाईचा दावा ढिला पडतो, वगैरे. मी म्हटलं, "बाहेर चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस बसलाय. त्याला रक्तदाब आहे." त्यावर त्याने खरोखर कळवळून विचारलं, की बाहेर छत्र्या पाठवू का?

माझ्या सचिवसाहेबांचाही फोन आला. "अकेनेसे, तुझे नातेवाईक ना ते? उठव त्यांना. शुक्रवारी धक्क्याच्या दुसऱ्या टप्प्यावर सह्या आहेत."

"साहेब, तुम्ही मताई आहात. तुम्ही उठवू शकाल का?"

 मग त्यांनी फोन ठेवला.

जिन्याजवळ एक बाई उभी होती. काळे कपडे, सुजलेले डोळे. इंजिनिअरची बायको. मृतदेह न्यायला कालच्या विमानाने आली होती. खिडकीतून ती केव्हापासून फाटकाकडे बघत होती म्हणे. तिने हळू आवाजात विचारलं, "त्या चटईखाली कोण आहे?"

"ट्रक चालवणाऱ्याचे वडील."

"ते काय करतायत?"

मी सांगितलं. या वेळी दगडाबिगडाचं काही बोलले नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मी उचलली तर चालेल?"

"तुमच्याइतका हक्क कोणाचाच नाही," मी म्हटलं.

ती म्हणाली, "त्यांना सांगा, मी येते." आणि चपला घालायला वळली.

मी धावत बाहेर आले. मामाजवळ गुडघ्यांवर बसले, चटईच्या काठाशी तोंड नेलं. "मामा, त्याची बायको आत आहे. ती येतेय. थोडंच राहिलंय." चटईखाली बोलायचं नसतं. पण काठाची लाल पिसं हलली. मागे मामी हुंदका आवरायला लागली.

ती आली नाही.

दहा वाजता राजधानी जागी झाली. साडेदहाला उत्तर आलं. दुय्यम सचिवाने ते मला वाचून दाखवलं, आणि वाचताना तो एकदाही वाकला नाही. भावना पोचल्या. दोन्ही देशांची मैत्री अबाधित आहे. मौल्यवान वस्तू भेट म्हणून स्वीकारण्यास नियमाने मनाई आहे. प्रकरण न्यायालयात असल्याने दूतावासातील वा दूतावासाच्या देखरेखीखालील कोणाही व्यक्तीने माफी सूचित होईल अशी कृती करू नये.

"ती भेट नाहीये हो!" मी ओरडले. अठरा वर्षांत पहिल्यांदा.

"मला समजतंय," तो म्हणाला. त्याला खरंच समजत होतं, पण समजून तो तरी काय करणार होता.

"आणि त्या बाई?"

"त्यांचं विमान दुपारी आहे."

मागच्या फाटकातून गाडी निघाली तेव्हा मी भिंतीच्या कोपऱ्याशी होते. काच वर होती. तिने मला पाहिलं आणि हात उचलला. निरोप नव्हता तो. अंगठा आणि बोट जुळवून तिने हवेतच काहीतरी वर उचलल्यासारखं केलं. मग गाडी वळली.

बारा वाजले. डांबर मऊ पडलं होतं. मामीने दोनदा माझ्याकडे पाहिलं, मी दोनदा नजर चुकवली. चटई थरथरत होती. आधी वाऱ्याने वाटलं, पण वारा नव्हताच. मग मामाचा हात बाहेर घसरला आणि जमिनीवर टेकला. बोटं निळसर दिसत होती.

मला नियम माहीत आहेत, पोट त्यावरच चालतं माझं. चुकलेल्या घरच्या माणसाने चटई उचलली तर त्याला काही अर्थ नसतो. उलट, झालेलं सगळं वाया जातं आणि सात पिढ्या बोल लागतो. मामीलाही माहीत होतं. घराण्यातल्या पोराटोरांना माहीत होतं.

मी पुढे गेले आणि चटई उचलली.

मामा उन्हात डोळे मिचकावत राहिला. चेहरा घामाने निथळत होता, ओठ सुकले होते. सहा-सात तास अंधारात काढल्यावर, वर मोतीबिंदू, त्याला काय दिसणार? आमच्या खात्याने त्या आठवड्यात सगळ्यांना इंजिनिअरच्या शोकात काळे कपडे घालायला सांगितले होते. उन्हाकडे पाठ करून उभी असलेली एक काळ्या कपड्यांतली बाई, एवढंच त्याला दिसलं असेल.

त्याने माझे दोन्ही हात धरले आणि आपल्या कपाळाला लावले.

"पोरी," तो म्हणाला, "आलीस. मला वाटलं, येणार नाहीस."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. माझा आवाज तो लाखात ओळखतो.

"तुझ्या नवऱ्याला आम्ही परत आणू शकत नाही. पण आजपासून तू माझी लेक. माझ्या घरात तुझं जेवण झाकलेलं असेल, तू ये न ये. माझ्या पोराला आता झोप लागेल. चार दिवस झोपला नाहीये गं तो. तुझं भलं होवो." तो रडत होता आणि हसतही होता. मामाला मी आयुष्यात रडताना पाहिलं नव्हतं.

मागे मामीने डोकं वर केलं होतं. तिला मी स्वच्छ दिसत होते. आमची नजर भिडली. माझी मामी, जिच्यासमोर लहानपणी एक खोटं कधी टिकलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि मान पुन्हा खाली घातली. मग तिच्या मागच्या सगळ्यांनीही घातली.

"हिला आपली भाषा कुठून कळणार?" मामा म्हणाला. हात सोडले नाहीत त्याने. मान वळवून तो गर्दीत शोधायला लागला. "अकेनेसे कुठेय? बोलवा तिला. म्हणावं, ये आणि मी काय बोललो ते हिला नीट समजावून सांग."

कोणी हललं नाही.

"अकेनेसे!" मामाने हाक मारली.

"ती ऑफिसात गेलीय," मामी खाली बघत म्हणाली.